आखेनचे अष्टकोनी प्रार्थनामंदिर

जर्मनीच्या पश्चिम सरहद्दीवर, बेल्जियम आणि नेदरलंड्स या दोन्ही देशांच्या सीमांना लागून, आखेन नावाचे मध्यम वस्तीचे शहर आहे. आणि त्याच्या जुन्या भागात, घरांच्या छपरांमधून डोके वर काढून, निरनिराळ्या शतकांनी एकमेकांना येऊन चिकटावे तशी दिसणारी एक इमारत उभी आहे. तिच्या पश्चिमेला एकोणिसाव्या शतकात पुरा झालेला उंच मनोरा, पूर्वेला पंधराव्या शतकाच्या आरंभीचे, भिंतींऐवजी काचांनीच घडविल्यासारखे गॉथिक वेदीगृह, आणि या दोहोंच्या मधे, 1656 च्या आगीनंतर चढविलेले घड्याघड्यांचे छप्पर माथ्यावर घेऊन बसलेले एक जाडजूड, बाहेरून फारसे न बोलणारे बांधकाम आहे. हे मधले बांधकाम म्हणजेच फ्रँक लोकांचा राजा आणि पुढे पश्चिमेचा सम्राट झालेला शार्लमेन याने आठव्या शतकाच्या अखेरच्या दशकात आपल्या राजवाड्यासाठी उभारविलेले प्रार्थनामंदिर होय. 1978 साली युनेस्कोने जागतिक वारशाची पहिली यादी केली तेव्हा तीत अवघी बारा स्थळे होती, आणि जर्मनीतून त्यांत गेलेले एकमेव स्थळ हेच होते.

मराठीत युरोपच्या प्रवासाची पुस्तके पुष्कळ आहेत, आणि रोम, फ्लॉरेन्स, पॅरिस यांची वर्णने वाचत आपल्या दोन-तीन पिढ्या वाढल्या. परंतु रोमन साम्राज्याचे वैभव मावळल्यानंतर आणि गॉथिक शिखरे उभी राहण्यापूर्वी मधे जी पाच-सहाशे वर्षे गेली, तिकडे आपले प्रवासी सहसा वळले नाहीत. तो सारा काळ अंधाराचा समजून ओलांडून जाण्याची सवय आपल्याला शाळेतल्या इतिहासानेच लावली आहे. आता परिस्थिती अशी आहे की आखेनच्या तंत्रविद्यापीठात शिकायला गेलेल्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या मोठी आहे, त्यांत मराठी घरांतली मुलेमुलीही आहेत, आणि त्यांना भेटायला म्हणून गेलेल्या आईवडिलांची पावलेही या इमारतीवरून जातात-येतात. त्यांच्यापैकी कोणाला आत शिरावेसे वाटले, तर काय पाहावे, कोणत्या क्रमाने पाहावे, आणि डोळ्यांत भरणाऱ्या गोष्टींपैकी कशावर विसंबू नये, हे सांगणारे मराठीत काही असावे, या हेतूने हे लेखन हाती घेतले आहे.

आत शिरणाऱ्याची पहिली गाठ पडते ती सोन्याशी. घुमटाच्या अंतर्भागात सुवर्णाच्या पार्श्वभूमीवर सिंहासनस्थ ख्रिस्त आणि त्याला आपले मुकुट अर्पण करणारे चोवीस वृद्ध दिसतात. परिक्रमापथाच्या छतांवर वेलबुट्टी पसरलेली असते. खांब आणि भिंती गुळगुळीत संगमरवराने मढविलेल्या असतात. आणि हे सर्व एकदम दृष्टीस पडल्यावर बाराशे वर्षांपूर्वीचा राजदरबार जसाच्या तसा आपल्यापुढे उभा आहे असा पाहणाऱ्याचा ग्रह झाला तर त्याला दोष देता येणार नाही. परंतु हा ग्रह खरा नाही. घुमटातले कुट्टिमचित्र (मोझेक) व्हेनिसच्या आंतोनिओ साल्व्हियाती याच्या कारखान्याने 1880-81 च्या सुमारास बसविले आणि त्याचा आराखडा ज्याँ-बातीस्त बेथ्यून या बेल्जियन कलावंताने सतराव्या शतकातल्या एका रेखाटनाच्या आधाराने केला. खालचा संगमरवर आणि परिक्रमापथाची चित्रे तर विसाव्या शतकाच्या आरंभी हर्मान शापर याच्या देखरेखीखाली झाली. शार्लमेनच्या हातचे म्हणून जे खरोखर शिल्लक आहे, ते या झगमगाटाच्या मागे आहे: भिंतींच्या जाडीत, अंतरांच्या प्रमाणांत, कमानींच्या आणि छतांच्या जुळणीत, ब्राँझच्या दारांत आणि कठड्यांत. या मंदिराची थोरवी त्याच्या अलंकारात शोधू नये, बांधणीत शोधावी, एवढेच मला मुख्यतः सांगायचे आहे, आणि पुढील सर्व विवेचन त्याच दृष्टीने केले आहे.

शार्लमेनने आखेनच का निवडले, याचे उत्तर जमिनीखाली आहे. येथे ऊन पाण्याचे झरे आहेत, आणि रोमन लोकांनी त्यांवर स्नानगृहे बांधली होती, त्यांचे अवशेष मंदिराच्या पायाखाली सापडले आहेत. सम्राटाच्या दरबारात वावरलेला त्याचा चरित्रकार आइनहार्ड लिहितो की त्याला पोहण्याची विलक्षण हौस होती, आणि तो मुलांना, सरदारांना, स्नेह्यांना, प्रसंगी आपल्या शरीररक्षकांनाही पाण्यात बोलावी, त्यामुळे कधी कधी शंभराहून अधिक माणसे एकाच वेळी स्नान करीत असत. त्या काळच्या फ्रँक राजांना एक ठाम राजधानी अशी नसे; राजा, त्याचे दफ्तर, त्याचा लवाजमा हे सगळे एका वाड्यावरून दुसऱ्या वाड्याकडे मुलूखभर फिरत राही, आणि जेथे मुक्काम पडे तेथल्या कोठारांतून खर्च चाले. 794 पासून मात्र शार्लमेन बहुतेक हिवाळे आखेनला काढू लागला, आणि या फिरत्या राज्याला प्रथमच एक स्थिर ठाणे मिळाले. आपल्याकडचा हिशेब मांडायचा तर वेरूळच्या कैलासाशी ज्याचे नाव जोडलेले आहे त्या राष्ट्रकूट कृष्णराजाचा अंमल संपून तेव्हा वीस-पंचवीस वर्षे झाली होती.

या ठाण्याची आखणी रेखीव होती. उत्तरेला राजसभेचे लांबट दालन, दक्षिणेला प्रार्थनामंदिर, आणि दोहोंना जोडणारा एक लांब आच्छादित मार्ग, अशी ती मांडणी होती. सभागृहाच्या पायावर चौदाव्या शतकात नगरसभेची इमारत उठली. ती आजही उभी आहे, आणि तिच्या व मंदिराच्या मधला मोकळा चौक म्हणजे जुन्या राजवाड्याचे अंगण. मंदिर पूर्वपश्चिम ठेवायचे म्हणून ही सगळी आखणी रोमन वसाहतीच्या रस्त्यांशी तिरपी पडली, आणि पुढच्या शतकांत दोन्ही आखण्या एकमेकींत मिसळल्यामुळे आखेनच्या जुन्या भागात कोठेही न बसणारे तिकोनी चौक आणि वाकडी वळणे निर्माण झाली. नकाशा हातात घेऊन हिंडणाऱ्याने हा तिरपेपणा अवश्य शोधावा. शार्लमेनचा हुकूम त्या शहराच्या गल्ल्यांना अजून बांधून ठेवतो आहे, हे त्यावरून जितके कळते तितके कोणत्याही स्मारकशिलेवरून कळत नाही.

मंदिराचा शिल्पी म्हणून मेट्झच्या ओडोचे नाव परंपरेने चालत आले आहे. काम कधी चालू होते हे ठरविण्यास चांगली साधने आहेत. पोप पहिला हेड्रियन याने शार्लमेनला पाठविलेला एक खलिता उपलब्ध असून त्यात रावेन्नाच्या राजप्रासादातील कुट्टिमचित्रे आणि संगमरवर काढून नेण्यास त्याने परवानगी दिली आहे. 798 सालच्या एका पत्रात दरबारचा पंडित आल्क्विन मंदिरात उभारलेल्या स्तंभांचा उल्लेख करतो. आणि पायाखाली ठोकलेल्या ओकच्या खुंटांतील वर्षवलये मोजून शास्त्रज्ञांनी काढलेला काळही 798 च्या आगेमागेच येतो. कागद आणि लाकूड यांनी अशी एकमेकांची साक्ष द्यावी, हे मध्ययुगाच्या आरंभकाळाविषयी फार क्वचित घडते. पायाच्या चुन्यात विटांची भरड मिसळलेली आढळली आहे. आपल्याकडे जुने गवंडी चुन्यात सुरखी घालीत, तोच हा प्रकार, आणि ओलसर, झऱ्यांच्या जमिनीत पाया घालायचा असल्यामुळे रोमन बांधकामातली ही विद्या येथे मुद्दाम उपयोगात आणलेली दिसते.

आता बांधणीकडे वळू. मधे अष्टकोन आहे आणि त्याच्या आठ कोपऱ्यांवर आठ भक्कम, कोन वळविलेले खांब आहेत. त्याभोवती दुमजली परिक्रमापथ असून त्याची बाहेरची भिंत सोळा बाजूंची आहे. आठाचे सोळा करताना भूमितीची एक अडचण उभी राहते: अष्टकोनाच्या प्रत्येक बाजूसमोर एक चौकोन पडतो आणि दर दोन चौकोनांच्या मधे एक त्रिकोण उरतो. ओडोने तळमजल्यावर चौकोनांवर एकमेकांना छेदणारी कमानछते घातली आणि त्रिकोणांवर तीन अंगांची छते बसवून ती साखळी अखंड फिरविली. खालून चालणाऱ्याला छत कोठे चौकोनी आणि कोठे तिकोनी होते याचा बोधही होत नाही, एका संथ लयीत आपण पुढे सरकत राहतो एवढेच जाणवते. वरच्या मजल्यावर त्याने निराळी युक्ती योजिली. तेथली अर्धगोल छते समपातळीत नसून आतल्या बाजूला चढत जातात, आणि अष्टकोनाच्या भिंतीला खांद्याने रेटावे तशी बाहेरून टेकतात. मधल्या घुमटाचा दगडी भार आठही भिंतींना बाहेर लोटू पाहतो, त्याला हा आधार मिळतो. आणि शिवाय दगडी बांधकामाला आवळून धरणारी लोखंडी कडीही बसविलेली आहेत. घुमटाची उंची सुमारे 31 मीटर आणि अष्टकोनाचा विस्तार सुमारे साडेचौदा मीटर आहे. आल्प्सच्या उत्तरेला एवढा घुमट पुढे दोन शतकांहून अधिक काळ कोणी बांधला नाही.

या मंदिराविषयी नेहमी असे लिहिले जाते की ते रावेन्नाच्या सान व्हिताले या देवालयाची नक्कल आहे, आणि तीही जरा जडबोजड नक्कल. सान व्हितालेचा अभिषेक 547 साली झाला; तेही अष्टकोनी, दुमजली परिक्रमेचे आणि घुमटाचे आहे; शार्लमेन रावेन्नाला गेलेला होता; तेव्हा संबंध उघड आहे आणि तो नाकारण्याचे प्रयोजन नाही. परंतु दोन्ही वास्तूंचे आडवे छेद शेजारी ठेवून पाहिले तर नकलेची भाषा सोडून द्यावी लागते. सान व्हितालेचा घुमट मातीच्या पोकळ नळ्या एकमेकींत गुंतवून केलेला आहे, त्यामुळे तो हलका आहे, आणि म्हणून तेथल्या शिल्प्याला खांबांच्या मधे अर्धवर्तुळाकार कोनाडे फुगवून, पडद्यासारखी वळणे देऊन, भिंतीच नाहीशा केल्याचा भास निर्माण करता आला. उत्तरेकडे ती नळ्यांची विद्या नव्हती. तेथे दगड होता, आणि दगडाचाच घुमट करायचा होता. म्हणून ओडोने वळणे काढून टाकली, कमानी सरळ ठेवल्या, खांब जाड केले, आणि वर्तुळाकार घुमटाऐवजी अष्टकोनाच्या आठ भिंतीच वर वळवून एकत्र मिळविल्या. रावेन्नात अवकाश सगळीकडे पसरत आणि विरत जातो. आखेनला तो आवरलेला आहे, आणि दृष्टी बाजूला न पांगता वर जाते. सामग्री बदलल्याबरोबर ज्याने सारी रचनाच नव्याने मांडली, त्याला नकलाकार म्हणणे अन्यायाचे आहे.

प्रमाणांचाही विचार येथे केला पाहिजे. त्या काळच्या फुटाच्या मापाने आतील अष्टकोनाचा परीघ 144 फूट भरतो असे मोजणी करणाऱ्या अभ्यासकांनी दाखविले आहे, आणि बायबलच्या अखेरच्या ग्रंथात स्वर्गीय जेरुसलेमच्या तटाचे माप 144 हात सांगितले आहे. संख्यांच्या अशा जुळणीवर अतिविश्वास ठेवू नये असे माझे सामान्यतः मत आहे, कारण मोजणाऱ्याला हवी ती संख्या कोणत्याही इमारतीत सापडते. परंतु ज्या दरबारात आल्क्विनसारखा माणूस राजाला गणित आणि ज्योतिष शिकवीत होता, आणि ज्या घुमटात त्याच ग्रंथातले चोवीस वृद्ध रंगविले गेले, तेथे ही संख्या योजूनच घेतली असावी असे मानण्यास पुष्कळ जागा आहे.

वरच्या मजल्यावरील उंच कमानींच्या पोकळीत स्तंभांच्या दोन ओळी, एकीवर एक अशा, बसविल्या आहेत. वरच्या ओळीचे स्तंभ सरळ जाऊन कमानीच्या वळणालाच भिडतात. बांधकामशास्त्राच्या दृष्टीने त्यांना काही काम नाही. ते काढून टाकले तरी कमान ढळणार नाही, आणि पुढे तसा प्रसंग प्रत्यक्ष आलाही. म्हणून काही टीकाकारांनी हे रानटी अज्ञानाचे लक्षण मानले. पण हे स्तंभ कोठून आले ते लक्षात घेतले पाहिजे. आइनहार्ड सांगतो की हवे तसे स्तंभ आणि संगमरवर दुसरीकडे मिळेनात, म्हणून सम्राटाने ते रोम आणि रावेन्ना येथून आणविले. म्हणजे पॉर्फिरीचे आणि ग्रॅनाइटचे हे प्रचंड दगड आल्प्स ओलांडून, नद्यांतून आणि चिखलाच्या वाटांवरून, शेकडो कोस वाहून आणलेले होते. असे दगड भिंतीच्या आड भार वाहायला कोणी लावीत नाही. ते जेथे सर्वांना दिसतील आणि जेथे त्यांच्यावर काही अवलंबून नसेल अशा उंच जागी, नजराण्यासारखे मांडले गेले. रोमचा वारसा आता येथे आला, हे सांगणारा तो दगडी दस्तऐवज होता, आणि त्याचे ते काम त्याने चोख बजावले.

हा दस्तऐवज समजण्यास पुढच्या राज्यकर्त्यांनाही वेळ लागला नाही. 1794 मध्ये फ्रेंच क्रांतीची सैन्ये आखेनला आली तेव्हा त्यांनी हेच स्तंभ काढून पॅरिसला नेले. नेपोलियनचा पाडाव झाल्यावर 1815 साली त्यांतले काही परत आले आणि 1840 च्या दशकात पुन्हा आपल्या जागी चढले. काही लूव्र संग्रहालयातच राहिले, आणि त्यांच्या जागी नवे घडवून बसवावे लागले. मधल्या त्या सुमारे पन्नास वर्षांत कमानी स्तंभांवाचून तशाच उभ्या होत्या.

स्तंभ परमुलखातून आले, परंतु ब्राँझचे काम आखेनचेच आहे, आणि माझ्या मते या मंदिरातली सर्वांत अस्सल कलाकृती हीच. मुख्य दाराची दोन्ही कवाडे प्रत्येकी एकाच ओतात घडविलेली असून त्यांवर कड्या धरणाऱ्या सिंहमुखांखेरीज दुसरे नक्षीकाम जवळजवळ नाही. साध्या चौकटींनी भाग पाडलेली ती विस्तीर्ण पृष्ठे इतक्या संयमाने मांडली आहेत की ती एखाद्या रोमन मंदिराची असावीत असे वाटते. वरच्या सज्ज्याचे आठ कठडेही तसेच एकसंध ओतीव आहेत, आणि त्यांच्या जाळ्या एका नमुन्याच्या नाहीत: काहींत उत्तरेकडच्या जुन्या गाठणीच्या नक्षीची आठवण आहे, तर काहींत अभिजात स्तंभिका आणि पर्णमाला आहेत, जणू काम चालू असतानाच ओतारी रोमचा धडा गिरवून पुढे गेले. मंदिर आणि सभागृह यांमधल्या अंगणात ओतकामाच्या साच्यांचे तुकडे सापडले आहेत, म्हणजे राजाने आपल्या दाराशीच ओतशाळा घातली होती. इतक्या मोठ्या आकाराचे ब्राँझ एका ओतात काढण्याची विद्या पश्चिम युरोपात लोपल्यासारखी झाली होती. ती येथे पुन्हा हातात आली.

याच दारांविषयी आखेनमध्ये एक लोककथा सांगतात. मंदिर पुरे करण्यास पैसा अपुरा पडला तेव्हा गावकऱ्यांनी सैतानाकडून कर्ज घेतले, आणि मोबदल्यात नव्या मंदिरात जो प्रथम पाऊल टाकील त्याचा आत्मा देण्याचे कबूल केले. दार उघडल्यावर त्यांनी आत एक लांडगा सोडला. फसगत झालेल्या सैतानाने दार इतक्या जोराने आपटले की त्याचा अंगठा त्यात अडकून तुटला. दाराच्या सिंहमुखात बोट घालून तो अंगठा चाचपण्याची आखेनच्या मुलांची रीत आहे, आणि प्रवेशमंडपात ठेवलेला ब्राँझचा प्राणी म्हणजे तोच लांडगा असे दाखवितात. वस्तुतः ते रोमन काळचे अस्वलाचे शिल्प आहे, पण कथेचे त्यावाचून काही अडलेले नाही.

कुट्टिमचित्रांविषयी वर जे लिहिले त्यावरून एकोणिसाव्या शतकातल्या जीर्णोद्धारकांना मी केवळ दोष देतो असे कोणी समजू नये. त्यांच्या हाती जी वास्तू आली ती अठराव्या शतकातल्या चुनेगच्ची नक्षीने झाकलेली होती. ती नक्षी त्यांनी काढली, आणि उघड्या पडलेल्या भिंतींचे काय करावे हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. तिथेच त्यांनी हात आवरायला हवा होता. योसेफ स्ट्र्झिगोव्ह्स्की या कलेतिहासकाराने 1904 साली एक स्वतंत्र पुस्तक लिहून या कामाचा कडक निषेध केला आणि मंदिराचे रूप बिघडविले जात आहे असे स्पष्ट म्हटले. परंतु तेव्हा जर्मनीत कैसरचे नवे साम्राज्य जोरात होते, त्याला आपला आद्य सम्राट सोन्यातच पाहायचा होता, आणि काम पुढे रेटले गेले. त्यामुळे आज कमानींवर आळीपाळीने दिसणारे काळे-पांढरे दगडी पट्टे पाहून कोणी कोर्दोव्याच्या मशिदीची आठवण काढतो, तेव्हा तो शार्लमेनविषयी नव्हे, शापरविषयी बोलत असतो. जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुन्या वास्तूंना नवे तेज आणण्याची हौस आपल्याकडेही कमी नाही, म्हणून हा प्रकार तपशिलाने ध्यानात घ्यावा.

आता सिंहासन. ते पश्चिमेच्या सज्ज्यात, पूर्वेकडील वेदीला सन्मुख, सहा पायऱ्यांवर ठेवलेले आहे, आणि राजवैभवाची अपेक्षा करून गेलेला माणूस ते पाहून क्षणभर गोंधळतो: चार जुन्या संगमरवरी फळ्या ब्राँझच्या पट्ट्यांनी एकमेकींना जखडलेल्या, आत लाकडी बैठक, नक्षी नाही, रत्ने नाहीत. त्यांतल्या एका फळीवर खेळाचा पट कोरलेला दिसतो, चौकोनात चौकोन असलेला, सोंगट्यांच्या खेळासारखा. म्हणजे सिंहासनात बसविण्यापूर्वी हा दगड दुसरीकडे कोठे तरी फरशीत होता आणि त्यावर कोणी तरी खेळ मांडले होते. या फळ्या जेरुसलेमच्या ख्रिस्तसमाधीच्या देवालयातून आल्या असाव्यात असे मत मांडले गेले आहे, आणि दगडांचे हे विलक्षण साधेपण पाहता त्यांना पवित्र मानूनच येथे वापरले, हे पटण्यासारखे आहे. 936 साली पहिल्या ऑटोचा राज्याभिषेक आखेनला झाला, आणि तेव्हापासून 1531 पर्यंत सुमारे तीस जर्मन राजे येथे अभिषिक्त झाले. या दगडावर बसल्याखेरीज राजा पुरता राजा होत नाही, अशी समजूत रूढ झाली.

शार्लमेन 28 जानेवारी 814 रोजी आखेनलाच वारला आणि त्याला या मंदिरात पुरले. त्याच्या अखेरच्या वर्षाविषयी आइनहार्डने एक गोष्ट नोंदविली आहे. वरच्या आणि खालच्या कमानींच्या मधल्या कंगोऱ्यावर तांबड्या रंगात एक लेख फिरविलेला होता आणि त्याच्या शेवटी बांधविणाऱ्याचे नाव व पदवी होती. मृत्यूच्या काही महिने आधी त्यातली पदवीची अक्षरे इतकी पुसट झाली की ती दिसेनाशीच झाली, आणि लोकांनी तो अपशकुन मानला. पुढच्या राजांनी मात्र त्याचे नाव पुसू दिले नाही. फ्रेडरिक बार्बारोसाने 1165 मध्ये त्याला संतपद मिळवून दिले आणि अष्टकोनात टांगलेला 48 दिव्यांचा, तटबुरुजांच्या आकाराचा प्रचंड चक्रदीप दान केला. त्याचा नातू दुसरा फ्रेडरिक याने 1215 साली शार्लमेनच्या अस्थी सोन्याच्या नव्या मंजूषेत ठेवल्या आणि तिचे खिळे स्वतः ठोकले. या मंजूषेच्या दोन्ही बाजूंना, जेथे इतरत्र ख्रिस्तशिष्य असतात तेथे, राजांच्या मूर्ती आहेत.

ज्या परिघातून या मंदिरात वस्तू आल्या तो किती मोठा होता हे पाहायचे असेल तर सम्राट दुसऱ्या हेन्रीचे सुवर्णमंडित व्यासपीठ पाहावे. अकराव्या शतकाच्या आरंभीच्या या व्यासपीठावर इजिप्तकडून आलेली, मूर्तिपूजकांच्या देवतांची हस्तिदंती शिल्पे, इस्लामी मुलखातला स्फटिकाचा पेला आणि बुद्धिबळाची मोहरी शेजारी शेजारी जडविलेली आहेत, आणि त्यावर उभे राहून शुभवर्तमान वाचले जात असे. शार्लमेनच्या काळीच हा परिघ पूर्वेपर्यंत पोहोचला होता: बगदादचा खलिफा हरून अल्-रशीद याने पाठविलेला अबुल अब्बास नावाचा हत्ती 20 जुलै 802 रोजी आखेनला पोहोचला, ही नोंद फ्रँक राजांच्या बखरीत आहे. आयझॅक नावाचा यहुदी वकील त्याला घेऊन आला, आणि तो हत्ती 810 पर्यंत जगला. मंदिराच्या जामदारखान्यात सम्राट ऑगस्टसची प्रतिमा जडविलेला इसवी सन 1000 च्या सुमाराचा क्रूस आहे, आणि प्लूटोने प्रॉसर्पिनेला पळवून नेल्याचे शिल्प असलेली रोमन शवपेटिका आहे. तिच्यातच शार्लमेनला प्रथम ठेवले असे मानतात.

1414 साली, सम्राटाच्या मृत्यूला सहाशे वर्षे झाली तेव्हा, पूर्वेचे काचेचे वेदीगृह पुरे झाले. ते स्वतंत्रपणे सुंदर आहे, परंतु त्याच्यासाठी शार्लमेनच्या काळचे छोटे वेदीगृह पाडले गेले. त्याच्या काचा दुसऱ्या महायुद्धात फुटल्या आणि युद्धानंतर नव्या बसविल्या. मूळ अष्टकोन मात्र आगीचे बाँब विझविण्यासाठी पहाऱ्यावर राहिलेल्या आखेनच्या तरुण मुलामुलींमुळे वाचला. त्यांचे ऋण मोठे आहे.

आखेनला जाणाऱ्या मराठी वाचकाला माझी विनंती आहे ती अशी. पश्चिमेच्या दारातून आत जावे, आणि प्रथम वर न पाहता परिक्रमापथातून सावकाश एक फेरी करावी, म्हणजे चौकोन आणि त्रिकोण यांची ती साखळी पायांना कळेल. मग चक्रदीपाखाली उभे राहून सोन्याकडे दुर्लक्ष करून केवळ खांबांच्या कडा वर कशा जातात ते पाहावे. सज्ज्यात आणि सिंहासनापाशी मोकळेपणी जाता येत नाही, त्यासाठी मार्गदर्शकाबरोबरच्या फेरीचे तिकीट काढावे लागते. ते अवश्य काढावे, कारण ब्राँझचे कठडे, चढती छते आणि आल्प्सपलीकडून आलेले स्तंभ ही तिन्ही जवळून पाहायला मिळतात ती त्या वरच्या मजल्यावरच.